उमेदवाराचा प्रश्न



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्याने होतात, त्या आपल्या सरांचा मी विद्यार्थी. या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, अशी आजवरची प्रथा आहे. माझे सारे आयुष्य कारखान्यांच्या कर्मचारी विभागात गेले. हजेरीपट, पगारपट, नेमणूकपत्रे आणि मुलाखती यांपलीकडे माझा अधिकार पोहोचत नाही. म्हणून निमंत्रण आले तेव्हा मी विचारले, 'माझ्याजवळ सांगण्याजोगे ते काय आहे?' उत्तर मिळाले, 'शाळा सोडून नोकरीच्या शोधात निघालेल्या मुलांना उपयोगी पडेल असे काही सांगा.' तेव्हा मी विषय निवडला तो उमेदवाराच्या प्रश्नाचा. मुलाखतीत उमेदवाराला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवर पुष्कळ पुस्तके मिळतात. उमेदवाराने मालकाला विचारावयाच्या प्रश्नांविषयी मात्र आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

सरांच्या वर्गात बसलेल्यांना एक गोष्ट आठवत असेल. तास संपत आला की ते खडू खाली ठेवीत आणि म्हणत, 'काही शंका?' आम्ही एका सुरात उत्तर देत असू, 'नाही, सर!' इतर शिक्षक एवढ्यावर समाधान मानून निघून जात. सर जात नसत. घंटा झाली तरी ते दारात उभे राहत आणि म्हणत, 'एक तरी प्रश्न द्या, मग जातो.' पुढे त्यांनी आम्हांला सवय लावली. वहीचे शेवटचे पान कोरे ठेवायचे, घरी धडा वाचताना जे अडेल ते त्या पानावर लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी ते वाचून दाखवायचे. प्रश्न ऐन वेळी सुचत नाही, तो घरून आणावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या शेवटच्या पानाचे मोल मला फार उशिरा कळले. ते कसे कळले, तेच आज सांगावयाचे आहे.

१९८२ साली मी पहिल्या मुलाखतीला गेलो. त्या वेळी शापोरा नदीवर पूल नव्हता. चोपड्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने शिवोलीला उतरायचे आणि तेथून बस धरायची. हातात प्रमाणपत्रांची फाईल आणि अंगात इस्त्रीचा एकुलता एक शर्ट. बार्देशातील एका कारखान्यात दोन वयस्क गृहस्थांनी माझी मुलाखत घेतली. प्रश्नोत्तरे बरी झाली. शेवटी त्यांतील एकाने विचारले, 'तुम्हांला काही विचारायचे आहे का?' मी तत्परतेने म्हणालो, 'नाही, साहेब.' दोघेही प्रसन्न झालेले दिसले. नोकरी मिळाली. घरी नारळ फुटला.

तीन वर्षांनी कळले की त्या कारखान्याच्या हजेरीपटावर माझे नाव कधी नव्हतेच. मी एका कंत्राटदाराचा माणूस होतो. भविष्य निर्वाह निधीत माझ्या नावे एक पैसाही जमा झालेला नव्हता. कंत्राटदार बदलला आणि माझी तीन वर्षांची सेवा पाटीवरच्या अक्षरांसारखी पुसली गेली. जुन्याच जागेवर, जुन्याच टेबलाशी, मी पुन्हा नवा उमेदवार झालो. त्याच सुमारास वडील आजारी पडले आणि उपचारासाठी आईच्या बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या. 'माझे नाव कोणाच्या हजेरीपटावर असेल?' एवढे पाच शब्द मी त्या दिवशी उच्चारले असते, तर मला खरे उत्तर मिळाले असते किंवा उत्तराची टाळाटाळ तरी दिसली असती. दोन्हींपासून मला बोध झाला असता.

मी का विचारले नाही? भित्रेपणा होता असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्या 'नाही, साहेब'मागे पिढ्यांची शिकवण होती. माझे आजोबा भाटकाराच्या पडवीखाली उभे राहून बोलत. कुळाने आणि मुंडकाराने पात्रांवाला प्रश्न विचारायचा नसतो, त्याने सांगितलेले ऐकायचे असते, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेले होते. मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला. कायद्याने जमिनीचा आणि घराचा प्रश्न हाती घेतला, पण पडवीखाली उभे राहण्याची सवय कायद्याने जात नाही. आम्ही शाळा शिकलो, शर्ट घातला, फाईल घेतली आणि मनाने त्याच पडवीखाली जाऊन उभे राहिलो. नोकरी देणारा तो दाता आणि मागणारा तो याचक, हे समीकरण आम्ही तपासून पाहिलेच नाही.

वास्तविक आपली परंपरा एवढी मुकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे पाचवे अधिकरण पाहावे. राजाने सेवक कसा पारखावा, हे त्या ग्रंथात आहेच. परंतु सेवेत शिरू पाहणाऱ्याने कोणत्या राजाचा आश्रय करावा आणि कोणाचा करू नये, याचाही विचार तेथे केलेला आहे. आश्रय घेण्यापूर्वी धन्याशी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात आणि त्याची मर्जी फिरल्याची चिन्हे ओळखता यावीत, असेही कौटिल्य सांगतो. म्हणजे पारख दोन्ही बाजूंनी व्हावी, ही कल्पना परदेशातून आलेली नव्हे.

दुसरे उदाहरण प्रश्नोपनिषदाचे. सहा जिज्ञासू हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात. पिप्पलाद त्यांना लगेच विचारू देत नाहीत. एक वर्ष येथे व्रतस्थ राहा, मग हवे ते विचारा, आम्हांला ठाऊक असेल तर सारे सांगू, असे ते म्हणतात. प्रश्न विचारणाऱ्याने त्यासाठी तयारी करावी आणि उत्तर देणाऱ्याने आपल्या ज्ञानाची मर्यादा मान्य करावी, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. नोकरीच्या मुलाखतीला एवढी मोठी उपमा शोभणार नाही, हे मी जाणतो. परंतु तयारीवाचून विचारलेला प्रश्न पोकळ असतो, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

आता आपल्या परिसराकडे पाहू. माझ्या उमेदीच्या काळात पेडण्याचा मुलगा नोकरीसाठी म्हापसा, पणजी किंवा थेट मुंबई गाठत असे. आज मोपा येथे विमानतळ उभा आहे आणि जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने उडत आहेत. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांवर हॉटेले झाली. कामे दाराशी आली, पण ती कोणत्या स्वरूपाची आहेत, हे पाहिले पाहिजे. विमानतळावर काम करणारा प्रत्येक जण विमानतळ चालविणाऱ्या कंपनीचा नोकर नसतो. सामान हाताळणारी संस्था वेगळी, सुरक्षेची वेगळी, सफाईची वेगळी, दुकानांची वेगळी. गणवेश पाहून मालक ओळखता येत नाही. म्हणून माझा १९८२ सालचा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. नेमणूकपत्रावर कोणाची सही असेल? पगार कोणाच्या खात्यातून येईल? कंत्राट संपले तर माझी सेवा पुढे धरली जाईल का?

किनाऱ्यावरच्या हॉटेलांत प्रश्न वेगळा. तेथे हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत. मुलाखत सप्टेंबरात होते, तेव्हा मालकही उत्साहात असतो आणि उमेदवारही. त्या वेळी विचारावयाचा प्रश्न पावसाळ्याचा आहे. 'जून ते सप्टेंबर या काळात मी कामावर असेन का? नसेन तर पुढील हंगामात मला परत घेण्याची रीत काय आहे?' डिचोलीच्या बंधूंना याहून कठोर धडा मिळाला. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, खाणीवरचे कारकून, सारे एका दिवसात हात बांधून बसले. पुढे लिलावाने काही खाणी सुरू झाल्या, पण मधली वर्षे कोणी परत दिली नाहीत. न्यायालयाचा निर्णय उमेदवाराला आधी कळणे शक्य नव्हते, हे खरे. परंतु 'हे काम कोणत्या परवान्यावर चालते आणि तो कधीपर्यंतचा आहे?' हा प्रश्न त्यानंतर डिचोलीत कोणाला अप्रस्तुत वाटणार नाही.

तयारी कशी करावी? प्रथम जाहिरात पुन्हा वाचावी. जे तेथे छापले आहे ते विचारू नये, कारण त्यावरून आपण ती वाचलीच नाही एवढेच सिद्ध होते. नंतर पाळी सुटण्याच्या वेळी त्या कारखान्याच्या किंवा हॉटेलच्या फाटकापाशी अर्धा तास उभे राहावे. बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे पाहावे. समोरच्या चहाच्या गाड्यावर चहा घ्यावा. पगार वेळेवर होतो की नाही, हे त्या गाडेवाल्याइतके अचूक कोणाला ठाऊक नसते, कारण त्याची उधारी त्यावरच अवलंबून असते. आपल्या वाड्यावरील कोणी तेथे कामाला असेल तर त्याच्याशी बोलावे. एवढे केल्यावर जे अडते, जे कळत नाही, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहावे. दहा प्रश्न लिहावेत आणि त्यांतून तीन-चार निवडावेत.

हे निवडताना क्रम सांभाळावा. पहिला प्रश्न कामाचा असावा. या जागेवरच्या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत काय करून दाखवावे, अशी अपेक्षा आहे? असे विचारणारा उमेदवार काम करायला आला आहे, हे समोरच्याला कळते, आणि मालकाला त्या जागेविषयी स्वतःला काही स्पष्ट आहे की नाही, हे आपल्याला कळते. दुसरा प्रश्न माणसांचा. मी कोणाच्या हाताखाली असेन, आणि माझ्याआधी या जागेवर कोण होते? तिसरा वाढीचा. शिकण्याची सोय आहे का, परिविक्षाकाळ किती, आणि तो संपल्यावर कायम करण्याचा निर्णय कोण घेतो? चौथा सुरक्षिततेचा.

पगार, रजा, सुट्ट्या हे प्रश्न गैर नाहीत, पण त्यांची जागा मुलाखतीच्या प्रारंभी नाही. निवड झाल्याचे कळल्यानंतर आणि सही करण्यापूर्वी जो अवकाश मिळतो, तो त्यांच्यासाठी आहे. बहुतेक जण आनंदाच्या भरात हा अवकाश वाया घालवितात. हातात पडणारी रक्कम किती आणि कापली जाणारी किती? मूळ वेतनातून सामान्यतः १२ टक्के भविष्य निर्वाह निधीसाठी कापले जातात आणि तेवढीच भर मालकाने घालायची असते. तेव्हा निधीचा खाते क्रमांक कधी मिळेल, हे विचारावे. जादा कामाचा हिशेब कसा होतो, तेही विचारावे. कामगारविषयक २९ कायदे एकत्र करून संसदेने २०१९ आणि २०२० साली चार संहिता संमत केल्या, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या. त्यांनुसार नेमणूकपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांनाही एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा लाभ आहे. तेव्हा लेखी नेमणूकपत्र मागणारा उमेदवार उद्धट ठरत नाही. तो कायद्याने दिलेली वस्तू मागतो.

मुलींसाठी दोन शब्द अधिक. रात्रपाळी असेल तर घरापर्यंत वाहन मिळते का, हा प्रश्न निःसंकोच विचारावा. फाटकापर्यंत आणि घरापर्यंत या दोहोंत फार अंतर असते. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी, असा २०१३ चा कायदा आहे. समितीच्या सदस्यांची नावे कोठे लावली आहेत, एवढेच विचारावे. ज्या ठिकाणी ती खरोखर असते, तेथे उत्तर क्षणात मिळते.

उत्तर ऐकणे हीदेखील एक विद्या आहे. 'बघू', 'होईल काहीतरी', 'आमच्याकडे सगळे घरच्यासारखे आहे' ही उत्तरे नव्हेत. घरच्यासारखे असणे चांगलेच, पण नेमणूकपत्राऐवजी घरपण मिळत असेल, तर उमेदवाराने सावध व्हावे. उलट 'हे मला आत्ता सांगता येत नाही, विचारून कळवितो' असे म्हणणारा आणि खरोखर कळविणारा अधिकारी भेटला, तर ती जागा बरी समजावी. आणखी एक. नोकरीसाठी मध्यस्थाने पैसे मागितले, तर तेथे विचारण्यासारखा प्रश्न उरतच नाही. सरकारी नोकरीच्या आमिषाने लोकांकडून रकमा उकळल्याची अनेक प्रकरणे २०२४ साली गोव्यात पोलिसांपर्यंत गेली. आयुष्याची पुंजी देताना त्या घरांतील कोणी 'पावती मिळेल का?' एवढे विचारले असते, तर तो व्यवहार तेथेच उघडा पडला असता.

येथवर मी उपदेशकाच्या आसनावरून बोललो. आता जे सांगणार आहे, ते सांगणे सोपे नाही, परंतु ते टाळले तर हे व्याख्यान खोटे ठरेल.

१९९४ साल असावे. तोपर्यंत मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पोहोचलो होतो. एका कारखान्यात प्रेस चालविण्यासाठी माणूस हवा होता. आम्ही तिघे मुलाखती घेत होतो. एक तरुण आला. उत्तरे नेमकी, हात कामाला सरावलेले. शेवटी मी ठरावीक वाक्य उच्चारले, 'काही विचारायचे आहे?' त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि शांतपणे विचारले, 'या मशीनवर माझ्याआधी कोण होते, आणि ते का गेले?'

खोलीत कोणी बोलेना. त्या मशीनवरच्या माणसाची दोन बोटे चार महिन्यांपूर्वी गेली होती. मशीनच्या धोक्याच्या भागाला आडोसा असावा, असे १९४८ च्या कारखाना कायद्यात तेव्हाही होते. आमच्या त्या मशीनला तो नव्हता. वरिष्ठ म्हणाले, 'तो घरच्या कारणाने गेला.' मी खाली पाहून कागद चाळू लागलो. मुलगा गेल्यावर शेऱ्याच्या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिले, 'उमेदवार शंकेखोर वाटतो.' आम्ही दुसऱ्या मुलाला घेतले. तो 'नाही, साहेब' म्हणाला होता.

त्या दुसऱ्या मुलाला काही इजा झाली नाही. पुढच्या वर्षी कारखाना निरीक्षकांनी शेरा मारला, तेव्हा आडोसा बसला. पण मधले कित्येक महिने तो मुलगा उघड्या मशीनवर बसत होता आणि मी रोज सकाळी त्याच्याजवळून जात होतो. तो सुखरूप राहिला यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते. ज्याने विचारले त्याला मी नाकारले, आणि जो बारा वर्षांपूर्वीच्या माझ्यासारखा होता त्याला त्या मशीनपुढे बसविले. शंका विचारणाऱ्याला सरांनी कधी शंकेखोर म्हटले नव्हते. त्यांचा विद्यार्थी म्हणविणाऱ्या मी तो शब्द लिहिला.

त्यानंतर मी ज्या ज्या मुलाखतींना बसलो, तेथे उमेदवाराच्या प्रश्नाला गुण देण्याचा आग्रह धरला. काही वेळा तो मानला गेला, काही वेळा नाही. परंतु त्या कागदाची घडी माझ्या डोळ्यांपुढून कधी गेली नाही.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, 'तुमच्याच गोष्टीत विचारणाऱ्याची नोकरी गेली! गरजवंताला अक्कल नसते, मग त्याने प्रश्न कोठून आणावा?' हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. विचारण्याची किंमत कधीकधी मोजावी लागते, आणि ज्याच्या घरी चूल पेटायची आहे, त्याने ती मोजावी असे सांगण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच म्हणेन की न विचारण्याचीही किंमत असते. ती लगेच दिसत नाही, म्हणून आपण ती धरीत नाही. तीन वर्षांची सेवा ही ती किंमत होती, आईच्या बांगड्या ही ती किंमत होती, दोन बोटेही तीच असू शकतात. ज्याला नोकरी घेतल्यावाचून गत्यंतर नाही, त्याने ती अवश्य घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून घ्यावी. सर्व उत्तरे मनासारखी आल्यावरच हो म्हणावे, असा माझा आग्रह नाही. आपण कशाला हो म्हणत आहोत, हे तेवढे ठाऊक असावे.

आणि आज या सभागृहात जे माजी विद्यार्थी स्वतः मालक, व्यवस्थापक किंवा अधिकारी झाले आहेत, त्यांना माझी नम्र विनंती आहे. 'काही विचारायचे आहे का?' हे वाक्य मुलाखत संपविण्याची घंटा म्हणून उच्चारू नका. सर जसे दारात थांबत, तसे क्षणभर थांबा. पडवीखाली उभ्या असलेल्या मुलाला वर बोलावण्याचे काम पडवीत बसलेल्याचेही आहे.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर एका वहीचे शेवटचे पान कोरे सोडा. तुम्हांला जे काम करावेसे वाटते, त्याविषयी तीन प्रश्न त्यावर लिहा. मुलाखत अजून पाच वर्षांनी असली तरी चालेल. पिप्पलादांनी तरी कुठे लगेच विचारू दिले होते?

माझे बोलणे संपले. पण सरांच्या शाळेत ते असे संपवून चालणार नाही. म्हणून मी येथेच उभा राहतो आणि त्यांच्याच शब्दांत विचारतो, 'काही शंका?'